ऊल्सेनकाकांचे वडील ऊले नव्हते

नॉर्वेत नवीन होतो तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या ऊल्सेनना मी मोठ्या हुशारीने विचारलं होतं की तुमच्या वडिलांचं नाव ऊले का? (लिहितात ओल्सेन, म्हणतात ऊल्सेन.) 'सेन' म्हणजे मुलगा, एवढं मी वाचून आलो होतो. काका हसले. वडील यान, आजोबाही यान. ऊले नावाचा पूर्वज कधी होऊन गेला, ते त्यांनाच ठाऊक नव्हतं.

पूर्वी इथे नाव दर पिढीला बदलायचं. ऊलेचा मुलगा लार्स तो लार्स ऊल्सेन, मुलगी कारी ती कारी ऊल्सदात्तर, आणि लार्सची पोरं मात्र लार्सेन. लग्न झालं तरी कारीच्या नावापुढे बापाचंच नाव राहायचं. आपल्याकडे लग्नानंतर बाईच्या मधल्या नावात बाप जाऊन नवरा येतो, तसं नाही. जोडीला शेतवाडीचं नाव: बाक्के म्हणजे चढ, दाल म्हणजे दरी. आपल्या 'कर'सारखंच, फक्त वाडी बदलली की हेही बदलायचं. १९२३च्या कायद्याने प्रत्येक घराला एकच कायमचं आडनाव घ्यायला लावलं आणि ज्याचं जे होतं ते तिथेच गोठलं. शहरातली काही घराणी तर त्याआधीच गोठलेली. इब्सेन म्हणजे इबचा मुलगा, पण नाटककार हेन्रिक इब्सेनचे वडील क्नुद!

आता इथे नव्याने राहायला येणाऱ्यांच्या कामाचं. आपलं मधलं वडिलांचं नाव इथल्या लोकांना दुसरं पाळण्यातलं नाव वाटतं. दवाखान्यात एकदा माझ्या बायकोच्या नावाचा पुकारा 'सुनीता प्रकाश' असा झाला. प्रकाश म्हणजे मी. इथेही 'मेल्लोमनाव्न' म्हणजे मधलं नाव असतं, पण ते बहुधा आईचं किंवा आजोळचं आडनाव. म्हणून पासपोर्टवर आहे तसंच सगळीकडे लिहा, एका कागदावर मधलं नाव आणि दुसऱ्यावर नाही, असं करू नका.

बाळ झालं तर नाव ६ महिन्यांच्या आत कळवायचं, आणि तेही कर खात्याला, कारण लोकसंख्येची नोंद त्यांच्याकडेच असते. काहीच कळवलं नाही तर बाळाला आईचं आडनाव लागतं. आपल्या सासरच्यांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आणि घर मिळालं की त्याच दिवशी पोस्टाच्या पेटीवर घरातल्या सगळ्यांची नावं चिकटवा, आडनावं वेगळी असतील तर तीही. पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं. माझं बँकेचं कार्ड असंच दोनदा परत गेलं होतं.