वेबच्या पाइपलाइनमधला बग सोडवायला बसण्याआधी

जेम्स वेब दुर्बिणीचा डेटा खुला आहे आणि त्यावर प्रक्रिया करणारा पायथन कोडही (म्हणजे पाइपलाइन) खुला आहे, त्यामुळे रत्नागिरीतल्या घरात बसूनही त्यातला बग सोडवता येतो. पावसाळ्यात मात्र पहिली तयारी डाउनलोडची. वारा सुटला की लाइटचा आणि नेटचा भरवसा नाही. उघडीप मिळेल तेव्हाच वेबचा डेटा ठेवणाऱ्या मास्ट या ऑनलाइन संग्रहातून कच्ची ‘अनकॅल’ फाइल आणि तिच्यापासून बनलेली, प्रत्येक पिक्सेलवर प्रकाश साठण्याचा वेग सांगणारी ‘रेट’ फाइल, दोन्ही उतरवून घ्या. निअरकॅम या वेबवरच्या कॅमेऱ्याच्या एका डिटेक्टरवर २०४८ × २०४८ पिक्सेल असतात, एका ग्रुपला (प्रकाश साठत असताना टप्प्याटप्प्याने घेतलेल्या एका नोंदीला) साधारण ८ एमबी धरा. सीआरडीएस या व्यवस्थेतून मिळणाऱ्या संदर्भफाइलीही (डिटेक्टरच्या दुरुस्त्यांसाठी लागणारी माहिती) आधीच आणून ठेवा, नाहीतर पाइपलाइन त्या मागायला अर्ध्यात नेटवर जाते आणि तिथेच अडकते. लॅपटॉप इन्व्हर्टरच्या प्लगवर लावा.

मग फाइलीचं हेडर, म्हणजे तिच्या सुरुवातीची माहिती, वाचा. ही पायरी गाळणाऱ्याचे दिवस वाया जातात, असं माझं ठाम मत आहे. कोडची आवृत्ती ‘कॅल_व्हर’मध्ये आणि संदर्भफाइलींचा संच ‘सीआरडीएस_सीटीएक्स’मध्ये सापडतो. हे दोन्ही तुमच्या मशीनवर जसेच्या तसे लावल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही. २०२२ मध्ये पहिली निरीक्षणं आल्यावर निअरकॅमच्या संदर्भफाइली सुधारल्या आणि आधी मोजलेल्या आकाशगंगांच्या तेजाचे आकडे बदलले. तेव्हा कोडवर संशय घेण्याआधी संच तपासा.

आता एकच बिघडलेला पिक्सेल निवडा. डीएस९ हा चित्र बघायचा प्रोग्राम मोजणी १ पासून करतो आणि आधी एक्स सांगतो, पायथन ० पासून मोजतो आणि आधी वाय घेतो. म्हणजे पडद्यावरचा (१०२४, ५१२) हा कोडमध्ये [५११, १०२३] होतो. इथे चुकलात तर शेजारच्या चांगल्या पिक्सेलचा पंचनामा करत बसाल. या पिक्सेलचा रॅम्प, म्हणजे ग्रुपागणिक त्याच्या आकड्याचा आलेख, कागदावर काढा. प्रकाश साठत जातो तसा आकडा ग्रुपागणिक चढतो, वैश्विक किरण आदळला की मध्येच पायरी (म्हणजे उडी) दिसते. ‘ग्रुप डीक्यू’मध्ये, म्हणजे प्रत्येक ग्रुपच्या दर्जाच्या खुणांमध्ये, त्या ग्रुपसमोर ४ (उडी) हवा. २ म्हणजे पिक्सेल भरून गेला, १ म्हणजे वापरू नका, आणि ६ दिसला तर ४ आणि २ दोन्ही लागू. पायरी नसताना ४ लागला असेल, तर दोष उडी ओळखण्याच्या टप्प्यात किंवा त्याच्या आधीच्या एखाद्या दुरुस्तीत असू शकतो. टप्पे एकेक करून चालवा, प्रत्येकानंतर तोच पिक्सेल बघा. हे कंटाळवाणं आहे, पण बग इथेच पकडला जातो.

कोडला हात लावण्याआधी टेस्ट, म्हणजे बग पकडणारा छोटा तपासणी-कोड, लिहा: ५ × ५ पिक्सेलांचा बनावट रॅम्प पुरतो. जुन्या कोडवर ती नापास झालीच पाहिजे. दुरुस्तीनंतर दुसऱ्या डिटेक्टरची एक फाइलही चालवून बघा. दुरुस्ती पाठवताना टेस्ट, फाइलचं पूर्ण नाव आणि हेडरमधल्या त्या दोन नोंदी द्या. मोठी फाइल जोडू नका, मास्टवर ती आहेच.