इसार दिला, खरेदीखत मात्र होत नाही : शेतजमिनीच्या सौद्यात न्यायनिवाड्यांचा आधार कसा घ्यावा

रावेर-यावलकडची केळीची बागायत असो वा शिंदखेड्याकडची कोरडवाहू, जमिनीचा सौदा बहुधा बांधावरच ठरतो. चार लोकांसमक्ष इसार दिला जातो, स्टॅम्प पेपरवर सौदापावती लिहिली जाते आणि खरेदीखत ‘पीक निघाल्यावर’ करू असे ठरते. पीक निघते, तोवर जमिनीचा भावही चढलेला असतो आणि विकणारा टोलवाटोलवी करू लागतो. अशा वेळी घेणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो पोलीस ठाण्यात जाण्याचा. तो बहुतेक वेळा अपुरा ठरतो, कारण ठाण्याची पायरी चढल्याने दिवाणी दाव्याच्या मुदतीचे घड्याळ थांबत नाही.

सर्वप्रथम हातातला कागद नेमका काय आहे ते पाहावे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ नुसार केवळ विक्रीच्या करारामुळे जमिनीत कोणताही हक्क निर्माण होत नाही. मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच मिळते. साठेखत किंवा सौदापावती नोंदलेली नसली, तरी कराराच्या प्रत्यक्ष पूर्ततेच्या, म्हणजे न्यायालयामार्फत खरेदीखत करून मिळण्याच्या, दाव्यात ती पुरावा म्हणून दाखल करता येते. मात्र त्या कराराच्या जोरावर घेतलेला कबजा टिकवण्यासाठी कलम ५३अ चे संरक्षण हवे असेल, तर २४ सप्टेंबर २००१ नंतरचा करार नोंदणीकृत असावाच लागतो. मुद्रांक शुल्क कमी भरले असल्यास तूट आणि दंड भरल्याशिवाय कागद पुराव्यात वाचला जात नाही, म्हणून तो खर्च आधीच धरून ठेवावा. ज्यांनी खरेदीखताऐवजी मुखत्यारपत्रावर भागवले आहे, त्यांनी सूरज लॅम्प विरुद्ध हरियाणा राज्य (२०११) हा निवाडा वाचावा. अशा व्यवहाराने मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात स्पष्ट सांगितले आहे.

त्यानंतर मुदत मोजावी. मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद ५४ नुसार पूर्ततेसाठी तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, आणि ठरली नसेल तर पूर्ततेला नकार मिळाल्याचे कळल्यापासून, तीन वर्षांत दावा दाखल व्हावा लागतो. अहमदसाहेब मुल्ला विरुद्ध बिबीजान (२००९) या निवाड्यानुसार ‘ठरलेली तारीख’ म्हणजे दिनदर्शिकेवर बोट ठेवून दाखवता येईल अशी तारीख. ‘पीक निघाल्यावर’ ही तशी तारीख नव्हे, त्यामुळे तेथे नकार केव्हा मिळाला यालाच महत्त्व येते आणि तो नकार लेखी असलेला बरा. तरीही तीन वर्षे आहेत म्हणून स्वस्थ बसणे धोक्याचे आहे. के. एस. विद्यानादम विरुद्ध वैरवन (१९९७) या मदुराईतील घराच्या प्रकरणात करारातील अवधी सहा महिन्यांचा होता. घेणारा सुमारे अडीच वर्षे काहीच न करता बसला आणि तेवढ्यात भाव चढले. दावा मुदतीत असूनही त्याला पूर्ततेचा हुकूम मिळाला नाही. आज भाव झपाट्याने चढत असलेल्या महामार्गालगतच्या जमिनींबाबत हा निवाडा विशेष ध्यानात ठेवावा. तोंडी मुदतवाढीवर विसंबू नये. वाढ दिली-घेतली असेल तर दोन ओळी लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात.

खरी कसोटी मात्र विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम १६(क) मधील तयारी आणि इच्छा या दोन शब्दांत आहे आणि बहुतेक दावे येथेच अडखळतात. तयारी म्हणजे उरलेली रक्कम देण्याची ऐपत, इच्छा म्हणजे व्यवहार पुरा करण्याची वागणुकीतून दिसणारी धडपड. न्यायालयाने सांगितल्याखेरीज रक्कम आणून जमा करण्याची सक्ती नाही, पण ती उभी राहिली असती हे दाखवावे लागते. बँकेचे खातेउतारे, पतसंस्थेतील ठेवपावत्या, कर्जमंजुरीचे पत्र, कापसाच्या किंवा केळीच्या विक्रीच्या पट्ट्या हे सारे त्या काळातले असावेत. दावा लावल्यानंतर खात्यात आलेल्या पैशाला फारसे वजन नसते. विकणाऱ्यास वकिलामार्फत पोचपावतीसह नोटीस द्यावी. दुय्यम निबंधक कार्यालयात अमुक दिवशी उरलेली रक्कम घेऊन हजर राहतो, असे तीत लिहावे आणि त्या दिवशी खरोखर हजर राहावे. ‘सौदा रद्द केला’ असे उत्तर आले, तर ते रद्द करणे बेकायदा ठरवून मिळण्याची मागणीही दाव्यात घालावी, आय. एस. सिकंदर विरुद्ध के. सुब्रमणी (२०१३) या प्रकरणात ती नसल्यानेच वादी अडचणीत आला. पर्यायी मागणी म्हणून इसार परत मागण्यासही विसरू नये, कारण याच अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे न मागितलेला परतावा न्यायालय आपणहून देत नाही.

दावा चालू असताना जमीन तिसऱ्याला विकली जाऊ नये म्हणून तूर्तातूर्त मनाई हुकमाचा अर्ज करावा आणि दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्यावी. महाराष्ट्रात मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५२ ला झालेल्या दुरुस्तीमुळे या नोंदणीला महत्त्व आहे. पुष्कळ जण नेमके हेच विसरतात.

या सगळ्याच्या आधी जमीन विकता येण्याजोगी होती का, हेही तपासायला हवे. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (हस्तांतरणावर निर्बंध असलेली जमीन) असा शेरा असल्यास परवानगीचा प्रश्न येतो. नंदुरबार जिल्ह्यात, तसेच साक्री, शिरपूर, चोपडा, यावल या पट्ट्यात आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीस घ्यायची, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे शासनाच्या मान्यतेसह जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. आदिवासींच्या जमिनी परत देणारा १९७४ चा राज्य कायदा सर्वोच्च न्यायालयाने लिंगप्पा पोचन्ना प्रकरणात वैध ठरवला, यावरून या निर्बंधांकडे न्यायालये किती गांभीर्याने पाहतात ते कळते. विकणाऱ्याच्या बहिणींचाही विचार करावा. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा (११ ऑगस्ट २०२०) नंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क जन्मतः मानला जातो आणि सातबाऱ्यावर एकट्या भावाचे नाव आहे म्हणून तो नाहीसा होत नाही, कारण फेरफार नोंद ही महसुलासाठी असते, तिने मालकी ठरत नाही.

आता फौजदारी बाजू. करार मोडला म्हणजे फसवणूक झाली असे नाही. हृदय रंजन प्रसाद वर्मा विरुद्ध बिहार राज्य (२०००) नुसार पैसे घेतानाच, म्हणजे आरंभापासूनच, अप्रामाणिक हेतू असावा लागतो. आधी विकलेली जमीन ती गोष्ट लपवून पुन्हा विकली किंवा सहहिस्सेदाराची खोटी सही केली, तर तक्रारीला आधार असतो. केवळ भाव वाढल्याने शब्द फिरवला, तर तो वाद दिवाणीच. व्यवहार १ जुलै २०२४ पूर्वीचा असल्यास गुन्ह्याचे कलम भारतीय दंड संहितेचे लागते, नंतरचा असल्यास भारतीय न्याय संहितेचे ३१८. दखलपात्र गुन्हा दिसत असल्यास प्रथम खबर (एफआयआर) नोंदवणे बंधनकारक आहे, हे ललिता कुमारी (२०१३) निवाड्याने ठरवले. मात्र व्यापारी स्वरूपाच्या वादात प्राथमिक चौकशीला त्यानेच वाव ठेवला आहे. ठाण्यात नोंद घेतली नाही, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज आणि त्यानंतर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे, हा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या) कलम १७३(४) व १७५(३) चा क्रम आहे. तो न पाळता अर्ज केल्यास तो त्याच मुद्द्यावर अडतो. दबाव आणण्यासाठी गुन्हा दाखल केला असे दिसल्यास समोरचा पक्ष त्याच संहितेच्या कलम ५२८ खाली उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात तो रद्द करून घेऊ शकतो. गुन्हा केव्हा रद्द करता येतो याचे भजनलाल (१९९२) निवाड्यातील निकष तेथे हमखास पुढे येतात.

निवाडा हाती घेताना केवळ माथ्यावरचा सारांश वाचून चालत नाही. त्या प्रकरणात कागद नोंदलेला होता का, कबजा कोणाकडे होता, नकार केव्हा मिळाला, हे आपल्या वस्तुस्थितीशी ताडून पाहावे आणि तो निवाडा पुढे मोठ्या पीठाने फिरवला नाही ना, याची खात्री करावी. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे ई-एससीआर या त्याच्याच संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. आपल्याच जमिनीवर एखादा दावा चालू असेल, तर ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने किंवा प्रत्येक प्रकरणाला मिळणाऱ्या सोळा अंकाक्षरांच्या सीएनआर क्रमांकाने त्याची स्थिती दिसते. वकिलांकडे जाताना मूळ सौदापावती, त्या दिवशीचा सातबारा आणि आठ-अ, नोटिशीची पोचपावती आणि पैसे दिल्याच्या तारखांचा एक कागद सोबत न्यावा.