आज्जीचं माहेर शोधायला पोरांना घेऊन निघताय? मग आधी हे वाचा

सुरुवात झाली शाळेच्या होमवर्कवरनं. ह्यांच्या प्रोजेक्टमुळं आम्ही अडीच वर्षं अमेरिकेत अटलांटाला होतो, तिथं थोरलीला वंशावळ काढून आणायला सांगितली. सासऱ्यांनी फोनवर त्यांच्याकडच्या सात पिढ्या घडाघडा सांगितल्या आणि माझ्या बाजूला काय, तर आई, आईची आई, आणि पुढं नुसती रेघ. आज्जीच्या आईचं नावच मला माहीत नव्हतं! थोरलीच्या वर्गातल्या एका ब्लॅक मुलाची आई माझी चांगली मैत्रीण झालेली, तिनं तो कागद बघितला आणि म्हणाली, तुझ्याकडं रेघ आहे कारण तू कधी विचारलं नाहीस, माझ्याकडं रेघ आहे कारण लिहिणाऱ्यानं नावच लिहिलं नाही.

तिचं थोडं सांगते, कारण पुढची निम्मी पद्धत मी तिच्याकडनंच उचललीय. व्हर्जिनियात 1662 साली कायदा झाला की आई गुलाम तर पोर गुलाम, बाप कोण का असेना, अगदी गोरा मालक असला तरी. म्हणजे आई मोजायची ती फक्त पोराची मालकी ठरवायला. 1850 आणि 1860 च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी असायची, तिच्यात मालकाचं नाव आणि खाली नुसतं वय, बाई की पुरुष, रंग. गुलामीतनं सुटलेली माणसं नावानिशी दिसतात ती 1870 च्या जनगणनेत, म्हणून तिकडं शोधणारे सगळे 1870 ला येऊन धडकतात. त्याच्या मागं जायचं तर मालकाच्या घरचे कागद उपसायचे, मृत्युपत्रं, विक्रीची कागदं, जिथं गुरंढोरं आणि टेबलखुर्च्यांच्या यादीत आपली पणजी किमतीसकट सापडते. नाहीतर सुटका झालेल्यांसाठी काढलेली फ्रीडमन्स बँक होती 1865 ते 1874, तिच्या खात्यांवर बऱ्याचदा आईबाप, भावंडं, पोरं यांची नावं लिहिलेली असतात. आणि गुलामी संपवणाऱ्या अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतरच्या पेपरातल्या जाहिराती, माझी आई अमक्या मालकानं अमक्या गावी विकली, कुणाला ठाऊक असेल तर कळवा. त्या मी एक रात्र वाचत बसले आणि मग झोप लागली नाही.

आता कुणी म्हणेल की आपलं आणि त्यांचं एकच दुःख. तसं अजिबात नाही, त्यांची नावं जबरदस्तीनं पुसली आणि आपण आपल्या हातानं तांदळात नवीन नाव लिहून जुनं विसरलो. पण शोधायची युक्ती मात्र सारखी लागते, जिथं बाईचं नाव नाही तिथं आजूबाजूच्या कागदातनं तिला गाठायचं.

तर पहिलं काम घरातच. आज्जीला "नाव काय" असं विचारू नका, ती सासरचंच सांगणार. "तुला तुझी आई काय म्हणून हाक मारायची" असं विचारा. शेंगा फोडताना, भाजी निवडताना, हात कामात असले की तोंड सुटतं, समोर मोबाईल धरला की गप्प होते आणि पदर नीट करायला लागते. रेकॉर्डिंग चालू करून मोबाईल बाजूला पालथा ठेवा, पण तिला सांगून हं. जात्यावरच्या ओव्या येत असतील तर म्हणायला लावा, माझ्या आज्जीच्या ओवीत तिच्या मामाच्या गावाचं नाव निघालं जे तिला साधं विचारलं तेव्हा आठवत नव्हतं. तिचं माहेरचं नाव काय निघालं ते मी इथं लिहीत नाही, आमच्या घरात राहू दे.

दुसरी युक्ती माझी स्वतःची आणि मला तिचा अभिमान आहे. पहिलं बाळंतपण माहेरी होतं ना? मग पणजीचं माहेर कुठलं हे कळत नसेल तर तिचं सगळ्यात थोरलं पोर कुठं जन्मलं ते शोधा. आज्जी तिसरी, तिचा जन्म सासरच्या गावातला, पण तिच्या थोरल्या भावाच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मगाव निघालं आजऱ्याकडचं. बास, गाव सापडलं.

कागदांचं म्हणाल तर जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना 14 मध्ये, तहसीलच्या रेकॉर्ड रूमला अर्ज करून नक्कल मागायची. बऱ्याच ठिकाणी बापाचं नाव आणि पुढं नुसतं "मुलगी" एवढंच असतं, ते बघून मला अटलांटाची मैत्रीणच आठवली. शाळेचं जनरल रजिस्टर त्यापेक्षा बरं, शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं त्यामुळं आपल्याकडं शाळेची जुनी रजिस्टरं असायची शक्यता तरी असते. मोडीत असेल तर मोडी वाचणारा गाठा, कोल्हापुरात पुराभिलेख कार्यालय आहे तिथं चौकशी करा. आणि फेरफार, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर गेली त्याच्या नोंदी, विसरू नका! पणजोबा वारले की वारस लागतात, तिथं मुलींची नावं येतात, आणि हक्कसोड झालं असेल तर त्यात तर सगळ्या बहिणी एका ओळीत. म्हणजे जमिनीवरचा हक्क सोडला त्या दिवशी बाईचं नाव कागदावर आलं. मला ते वाचून हसावं की रडावं कळेना. एका ऑफिसात मला चार चकरा मारायला लावल्या, शेवटी डबा घेऊनच जाऊन बसले तेव्हा रजिस्टर निघालं.

मग प्रवास. एसटीनं जा, गाडीनं नको, एसटीत शेजारी बसलेली म्हातारी निम्मं गाव सांगते. महाराष्ट्रात बायकांना अर्धं तिकीट, 5 ते 12 वर्षांच्या पोरांना अर्धं, आणि 75 च्या वरच्या आज्जीला फुकट, आधार कार्ड तेवढं बरोबर ठेवा. मात्र माहेर निपाणीकडं असेल तर सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच. शिदोरी घरनंच न्या, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. मैत्रिणीची आई सांगायची की त्यांच्या लहानपणी अमेरिकेच्या दक्षिणेत प्रवासाला निघताना तिची आई बुटाच्या खोक्यात तळलेलं चिकन आणि उकडलेली अंडी भरून घ्यायची, कारण वाटेतल्या हॉटेलात काळ्यांना वाढतच नव्हते, 1964 च्या नागरी हक्क कायद्यापर्यंत हे उघड चालायचं. पोरांना तेव्हा वाटायचं पिकनिक आहे. आया कुठं काय सांगायच्या आणि काय गिळायच्या ते असं.

पोरांना न्यायचं तर माझ्या मैत्रिणीचा नियम पाळा. 2019 मध्ये, व्हर्जिनियात पहिले आफ्रिकन उतरवल्याला 400 वर्षं झाली म्हणून घानानं बोलावलं होतं, तेव्हा ती दोन पोरांना घेऊन तिथल्या केप कोस्टच्या किल्ल्यात गेली, जिथं गुलामांना जहाजात भरायच्या आधी कोंडून ठेवायचे. काय बघणार ते आधी सांगून ठेवलेलं, तरी बायकांच्या कोठडीत धाकटा घाबरला. तिनं लगेच त्याला बाहेर आणलं आणि दोघं समुद्राकडं बघत बसली, थोरला मावशीबरोबर पुढं बघून आला. एवढ्या लांब आलोय, बघच, असं तिनं केलं नाही. आमच्याकडं कोठडी नव्हती पण पडकं घर बघून धाकटी कंटाळली, तिला विहिरीकडं पाठवलं, थोरलीकडं वही दिली नावं लिहायला. पोराला काम द्या, नुसतं हिंडवू नका.

आणि जायचं ते जत्रेच्या आदल्या दिवशी. जत्रेला माहेरवाशिणी येतात, पुरुषांना विचारलं की ते जमीन कुणाची ते सांगतात, पण कोण कुणाला दिली हे बायकांना पाठ असतं. देवळाच्या पायरीवर एका म्हातारीनं आज्जीकडं बघून थेट तिच्या माहेरच्या नावानं हाक मारली, बासष्ट वर्षांनी. आज्जी आधी मागंच बघायला लागली, दुसऱ्या कुणाला बोलावतेत असं वाटून.

परत आल्यावर सगळं दोन जागी लिहून ठेवा, फोटोच्या मागं पेन्सिलनं, पेननं नको, शाई पुढं उमटते. आणि तुमच्याकडं हेळवी, म्हणजे घरोघर फिरून चोपडीत वंशावळ लिहिणारा, येत असेल तर त्याला गाठा. आमचा आला तेव्हा सासऱ्यांनी सवयीनं मुलगे किती ते सांगायला घेतलं, मी मधेच म्हटलं दोन मुली आहेत, दोघींची नावं घाला, आणि माझं माहेरचंही. तो थोडा वेळ चोपडीकडं बघत बसला, मग म्हणाला, जागा करावी लागंल. सुपात दोन शेर जोंधळे जास्त घातले, त्यानं जागा केली.