जलपिसवांवर वनस्पती-अर्काची ४८ तासांची चाचणी : पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी घाणेरीच्या पानांचा जलीय अर्क निवडला, कारण डासांच्या अळ्यांवर तो चालतो असे सांगणारे शोधनिबंध हाताशी होते. मला एवढेच तपासायचे होते की अळ्या मारण्यासाठी तो डबक्यात सोडला, तर तिथल्या जलपिसवांचे (डॅफ्निया, पाण्यात पोहणारे बारीक कवचधारी जीव) काय होईल. या चाचणीची रूपरेषा वाचकांना ठाऊक आहे असे मी धरून चालते : २४ तासांपेक्षा लहान पिल्ले, प्रत्येक तीव्रतेला किमान २०, शक्यतो पाच-पाचांच्या चार गटांत, ४८ तास अन्नाविना, आणि भांडे हलकेच हलवल्यावर १५ सेकंदांत न पोहणारे पिल्लू निश्चल धरायचे. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२ क्रमांकाच्या चाचणी-मार्गदर्शिकेत हे सारे आहे आणि ती मूळातून वाचावी. वरिष्ठ विद्यार्थ्याने काढलेल्या दोन पानी टिपणावर विसंबू नये. मी विसंबले होते. त्या टिपणात ऑक्सिजनची ओळच नव्हती.

मी लिटरला २५०, ५००, १०००, २००० आणि ४००० मिलिग्रॅम अशा तीव्रता घेतल्या. नियंत्रण गटात एकही पिल्लू मेले नाही, पुढे तीव्रतेच्या चढत्या क्रमाने मृत्यू वाढत गेले, आणि प्रोबिट आलेखावर (तीव्रता आणि मृत्यूंचे प्रमाण यांचे नाते सरळ रेषेत मांडणारा आलेख) बिंदू इतके सरळ रेषेत बसले की माझ्या मार्गदर्शकांनी ते पाहून त्याच आठवड्यात लेखाचा मसुदा मागितला. चार वेळा पुनरावृत्ती केली, चारही वेळा तोच एलसी-५० (निम्मे जीव मारणारी तीव्रता) आला. त्याच अर्काने डासांच्या अळ्या मात्र फारशा मेल्या नाहीत, म्हणून ‘अर्क लक्ष्य-जीवापेक्षा निरुपद्रवी जीवांना अधिक घातक’ असा निष्कर्षही मी लिहून ठेवला.

आमच्या प्रयोगशाळेतील परिचर, ज्यांना सगळे मामा म्हणत, ते एकदा भांडी धुवायला नेताना म्हणाले, “मॅडम, याला वास मारतोय.” मी ते हसण्यावारी नेले. दोन महिन्यांनी शेजारच्या विभागाकडून वेगळ्याच कामासाठी ऑक्सिजन मीटर आणला आणि सहज तो ४८ तासांच्या बीकरमध्ये बुडवला, तेव्हा १००० मिलिग्रॅमच्या भांड्यात लिटरला एक मिलिग्रॅमही ऑक्सिजन उरलेला नव्हता.

इथे मी थोडे लांबवणार आहे, कारण माझे आठ महिने याच जागी गेले. पानांच्या जलीय अर्कात विषारी घटक असोत वा नसोत, साखरी, प्रथिने आणि इतर विरघळणारे पदार्थ भरपूर असतात, आणि जीवाणूंना ते आयतेच मिळतात. एक ग्रॅम साध्या साखरेचे पूर्ण विघटन व्हायचे तर सुमारे १.१ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. २८ अंश तापमानाच्या पाण्यात लिटरला आठ मिलिग्रॅमही ऑक्सिजन मावत नाही. म्हणजे लिटरला फक्त १०० मिलिग्रॅम साखर असली, तरी तिची अंतिम मागणी त्या पाण्यातल्या साठ्याच्या दहापटींहून अधिक होते. पृष्ठभागावरून नवा ऑक्सिजन येत राहतो हे खरे, पण मराठवाड्यातल्या मे महिन्यात, इन्क्युबेटर बंद पडलेल्या खोलीत, जीवाणू त्याला पुरून उरतात. अर्क दुप्पट केला की त्यांचे अन्न दुप्पट होते, ऑक्सिजन अधिक वेगाने खाली जातो आणि मृत्यू वाढतात. नियंत्रण गटात अर्कच नसल्यामुळे तिथे सारे सुखरूप राहते. त्यामुळे विषबाधेचा वाटावा असा निर्दोष आलेख मिळतो आणि कोणतीही सांख्यिकी तुम्हाला सावध करत नाही. डासांच्या अळ्या नळीने पृष्ठभागावरची हवा घेतात, जलपिसवांना पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनवर जगावे लागते. माझा ‘निष्कर्ष’ बहुधा या एका फरकातूनच आला होता.

खात्रीसाठी मी अर्काऐवजी गूळ वापरून तीच मालिका लावली, आणि जीवाणू यावेत म्हणून प्रत्येक भांड्यात संवर्धनातल्या (जलपिसवा वाढवतो त्या) पाण्याचे काही थेंब टाकले. जलपिसवा त्याच शिस्तीने मेल्या. गुळाचाही एलसी-५० मी व्यवस्थित काढू शकले असते.

म्हणून ऑक्सिजन आणि पीएच सुरुवातीला, २४ तासांनी आणि ४८ तासांनी मोजा, आणि त्यासाठी जीव नसलेली जादा भांडी लावा. शेवटी नियंत्रणासह सर्व भांड्यांत ऑक्सिजन लिटरला किमान ३ मिलिग्रॅम असलाच पाहिजे; नसेल तर ती चाचणी वैध नाही, मग आलेख कितीही देखणा असो. मीटर नाही म्हणून विंकलर पद्धतीकडे (आयोडीनच्या आधारे ऑक्सिजन मोजण्याची रासायनिक पद्धत) वळणाऱ्यांना सांगते की पानांच्या अर्कातील टॅनिनसारखे पदार्थ आयोडीन खाऊन टाकतात आणि आकडा खोटा येतो, शिवाय त्या पद्धतीची बाटली तुमच्या बीकरहून मोठी असते. मीटर उसना आणा. मागताना संकोच वाटतो, पण बहुतेक विभाग नाही म्हणत नाहीत. अर्क ०.२२ मायक्रॉनच्या पटलातून गाळा, वापरेपर्यंत गोठवून ठेवा आणि २४ तासांनी द्रावण बदला. भांड्यात हवा सोडून प्रश्न मिटवण्याचा मोह टाळा. या चाचणीत ते चालत नाही.

तीव्रतेबद्दलही माझे मत तिखट आहे. १०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊन कच्च्या अर्काचा आकडा ओढून काढण्यात फारसा अर्थ नाही, तरी हजारोंत मांडलेले एलसी-५० छापले जातात, कारण मार्गदर्शकांना आकडा हवा असतो. सुधारित पद्धतीने १०० मिलिग्रॅमला माझी २० पैकी २ पिल्लेच निश्चल झाली. ‘१०० पेक्षा जास्त’ हाही निकालच आहे, तो लिहायला लाजू नका. मार्गदर्शक नाराज झाले, पण जग बुडाले नाही.

मात्र यावरून घाणेरी निरुपद्रवी आहे असे कोणी समजू नये. गुरांचे यकृत बिघडवणारे तिचे लँटाडीन पाण्यात फारसे विरघळतच नाहीत, म्हणजे मिथेनॉलमधील अर्क ही वेगळीच चाचणी ठरते, आणि तिला द्रावकाचे स्वतंत्र नियंत्रण लागते. ‘नैसर्गिक म्हणजे सौम्य’ हे वाक्य प्रस्तावनेतून आधी खोडा : शेवंतीच्या कुळातून येणारे पायरेथ्रिन पूर्णपणे वनस्पतिजन्य आहे आणि जलचर संधिपादांना ते अत्यंत विषारी असते.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालवा. तीव्रता ओल्या पानांच्या वजनात न सांगता कोरड्या अर्काच्या वजनात सांगा. वनस्पतीचा नमुना ओळख पटवून हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) जमा करा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे कार्यालय आहे. आपल्या जलपिसवांची संवेदनशीलता ठीक आहे का हे पाहणारी पोटॅशियम डायक्रोमेटची संदर्भ चाचणी नियमित घ्या, पण डॅफ्निया मॅग्ना या जातीसाठी दिलेली लिटरला ०.६ ते २.१ मिलिग्रॅमची मर्यादा स्थानिक तळ्यातल्या जातीला तशीच लावू नका, त्या जातीसाठी स्वतःची नोंद तयार करा. पहिल्या दोन-तीन महिन्यांत संवर्धन मरते, सगळ्यांचेच मरते. त्याने खचू नका.

सुधारित प्रबंधातील तक्त्यात मी ऑक्सिजनचा स्तंभ मृत्यूंच्या स्तंभाआधी ठेवला आहे, आणि परीक्षकांनी पहिला प्रश्न त्यावरच विचारला.