हे केवढ्याला?

ठाण्याच्या आमच्या घरी दर शुक्रवारी काळ्या मनुका भिजत घातलेल्या असायच्या. संध्याकाळी त्या कुस्करून, गाळून सरबत व्हायचं आणि त्यावर वडील किद्दूश, म्हणजे शब्बाथचा आशीर्वाद, म्हणायचे. वाइनऐवजी मनुकांचं सरबत ही आम्हा बेने इस्रायलांची, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंची, जुनी रीत. ‘शेमा’ ही रोजची प्रार्थना तोंडपाठ होती, मासळी घरात यायची ती पर आणि खवलेवालीच, आणि शुभकार्य म्हटलं की एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाचा मलिदा ठरलेला. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आमचे पूर्वज शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवले गेले. एवढं सगळं मला ठाऊक होतं. पण कुणाशी कसं बोलावं, पैशाच्या व्यवहारात कुठे थांबावं, याबद्दल आपले ग्रंथ काय म्हणतात हे विचाराल, तर चाळिशी उलटेपर्यंत मला एक वाक्य सांगता आलं नसतं. ते शिकायला मी उशिरा बसले. ज्यांना आता सुरुवात करायची आहे, ज्यू असोत वा नसोत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

माझी सुरुवात चुकली. ५ जानेवारी २०२० ला ‘दफ योमी’चं चौदावं आवर्तन सुरू झालं. दफ म्हणजे पान. जगभरचे लोक रोज तालमूदचं, म्हणजे ज्यू धर्मनियमांवरच्या जुन्या चर्चांच्या ग्रंथाचं, तेच एक पान वाचतात. अशी २,७११ पानं साडेसात वर्षांत पुरी होतात. रब्बी (ज्यू धर्मगुरू) मेइर शापिरो यांनी १९२३ मध्ये ही कल्पना मांडली. तालमूदमधला पहिलाच प्रश्न आहे : संध्याकाळचा शेमा कधीपासून म्हणावा? मला वाटलं, शेमा तर आपल्याला येतो! पण उत्तर एका ओळीत मिळत नाही. एक पंडित एक वेळ सांगतो, दुसरा ती खोडतो, तिसरा मूळ प्रश्नच बदलतो, आणि मधेच भाषा हिब्रूवरून अरामीवर जाते. तिसऱ्या आठवड्यात माझं वाचन सुटलं. ज्याला रोजच्या जगण्यासाठी काही हवं आहे, त्याने इथून सुरुवात करू नये.

‘पिर्के अवोत’पासून करावी. रब्बी येहूदा हनासी यांनी इसवी सन २०० च्या सुमारास मिश्ना हा तोंडी चालत आलेल्या नियमांचा संग्रह संकलित केला, त्यातला हा छोटा भाग. पाच अध्याय, आणि मागाहून जोडलेला सहावा. विषय एकच : माणसाने वागावं कसं. भाषा साधी हिब्रू. त्यातलं एक वचन प्रत्येक नवशिक्याने आधी वाचावं : लाजणारा शिकत नाही आणि चिडका शिकवू शकत नाही. बावळट वाटेल म्हणून न विचारलेले प्रश्न मला पुढे फार महाग पडले. दुसरं वचन हिल्लेल या प्राचीन पंडिताचं. सवड झाली की शिकेन असं म्हणू नकोस, तुला कदाचित सवड होणारच नाही.

पण वचनं जमवत बसू नका. मी वही भरून वचनं उतरवली होती आणि वागण्यात तसूभर फरक नव्हता. फरक पडला तो ‘हवरूता’ने. हवरूता म्हणजे अभ्यासाची जोडी : दोघांनी एकच मजकूर मोठ्याने वाचायचा आणि ओळीओळीवर एकमेकांना अडवायचं. तालमूदमध्ये रब्बी योहानान आणि रेश लाकिश यांची गोष्ट आहे. रेश लाकिश गेल्यावर योहानानकडे दुसरा हुशार जोडीदार पाठवला गेला. तो प्रत्येक मुद्द्याला ‘तुम्हाला पुष्टी देणारं वचन आहे’ म्हणू लागला. योहानान कळवळून म्हणाले, रेश लाकिश माझ्या एकेका विधानावर चोवीस शंका काढायचा, मी चोवीस उत्तरं द्यायचो, आणि त्यातून विषय उलगडायचा. मी बरोबर आहे हे मला ठाऊक नाही का? होकार भरणारी मैत्रीण म्हणूनच या कामाला उपयोगी नाही.

माझी मावसबहीण इस्रायलमध्ये लोदला राहते. रविवारी रात्री साडेनऊला आम्ही व्हिडिओ कॉलवर बसतो. अवोत संपल्यावर आम्ही तालमूदमधल्या ‘बावा मेत्सिया’ या भागाचा चौथा अध्याय घेतला. तो खरेदी-विक्रीतल्या फसवणुकीबद्दल आहे, आणि मिश्ना तिथे एकदम म्हणते की जशी व्यवहारात फसवणूक होते, तशी शब्दांचीही होते. तिचं पहिलं उदाहरण : घ्यायचं नसेल तर ‘हे केवढ्याला?’ विचारू नये.

या एका वाक्यावर आमचे तीन रविवार गेले. मी म्हटलं, मग भाव काढायचाच नाही का? चार दुकानं फिरल्याशिवाय साडी कोण घेतं? ती म्हणाली, ‘‘अगं, फिरतेस तेव्हा घ्यायचं मनात असतं ना? दुकानात चपला पायात घालून बघायच्या आणि त्याच घरी येऊन मोबाइलवरून मागवायच्या, हे आधीच ठरवून जातेस तेव्हा काय?’’ मला उत्तर सुचेना. गेमारा, म्हणजे तालमूदमधली मिश्नेवरची चर्चा, म्हणते, ही गोष्ट मनात दडलेली असते, बाहेरच्याला कळत नाही. म्हणूनच तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, तिथे ‘आपल्या देवाचं भय धर’ म्हणते. जांभळी नाक्यावर दुकानदार माझ्यासाठी स्टुलावर चढून वरच्या फळीवरचे खोके काढत असतो. त्याच्या मनात तेवढा वेळ आशा असते. ती आशा मी खोटी लावायची नाही, इतकाच त्याचा अर्थ.

पुढे, पान ५८ च्या मागच्या बाजूला, आणखी एक वाक्य आलं : चारचौघांत दुसऱ्याचा चेहरा पांढरा पाडणं हे रक्त सांडण्यासारखं आहे. त्यावर राव नाहमान बार यित्सहाक म्हणतात, खरं आहे, लाली जाते आणि फिकटपणा येतो हे आपण बघतोच.

त्याच आठवड्यात मी कार्यालयात एका नव्या मुलाला चुकीच्या नोंदीवरून सगळ्यांसमोर झापलं होतं. त्याचा चेहरा मला त्या ओळीत दिसला. दुसऱ्या दिवशी मी त्याला बाजूला बोलावून माफी मागितली आणि रविवारी बहिणीला सांगितलं. तिने विचारलं, ‘‘बोललीस कुठे? आणि माफी कुठे मागितलीस?’’ सोमवारी त्याच टेबलापाशी, त्याच माणसांसमोर मी पुन्हा मागितली. फार अवघड गेलं. याच पानावर हेही लिहिलं आहे की पैशाची फसवणूक भरून देता येते, शब्दांची नाही. ते मला पटतं. तो मुलगा अजून माझ्याशी जपूनच बोलतो.

आता थोडं साहित्याबद्दल. सेफारिया या संकेतस्थळावर मिश्ना, पूर्ण तालमूद आणि स्टाइनसाल्ट्झ यांच्या विवरणाचं इंग्रजी भाषांतर फुकट आहे. सुरुवातीला पुस्तकांवर पैसे घालू नका. हिब्रूची बावीस अक्षरं मात्र शिकाच, महिनाभरात येतात, आणि भाषांतरात काय निसटलं ते कळू लागतं. दानाचा प्रश्न पडत असेल तर मध्ययुगीन ज्यू पंडित मैमोनिदेसच्या आठ पायऱ्या वाचा. सर्वांत वरची पायरी म्हणजे समोरच्याला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन पायावर उभं करणं. रोज आत्मपरीक्षण करायचं असेल तर ‘मुसार’ या शील घडवण्याच्या परंपरेत वहीची पद्धत आहे : तेरा गुण, आठवड्याला एक, वर्षातून चार फेऱ्या. माझा ‘शांतपणे बोलणं’चा आठवडा दर वेळी सर्वांत वाईट जातो, तरी वही चालू आहे. आणि हलाखाचा, म्हणजे प्रत्यक्ष धर्मनियमाचा प्रश्न असेल तर स्वतःच अर्थ काढू नका, जाणकार रब्बीला विचारा.

आम्ही अजून चौथ्याच अध्यायात आहोत. येत्या रविवारी अख्नाईच्या भट्टीचं पान आहे, ज्यात आकाशवाणी होते आणि पंडित तीही मानत नाहीत. बहिणीने दोन शंका आधीच पाठवून ठेवल्या आहेत.