रात्रभर जागून हाती भोपळा: आकाशाचे फोटो काढताना या चुका टाळा

पाऊस ओसरून आकाश मोकळं झालं की माझ्या फोनवर फोटो येऊ लागतात. पाठवणारा बदलतो, फोटो तोच. मृगातला तेजोमेघ असावा अशी शंका येणारा पांढुरका डाग आणि भोवती भिजलेल्या साबुदाण्यासारखे फुगलेले तारे. खाली प्रश्न: "दादा, कॅमेरा बदलू का?"

नको. तुझा कॅमेरा माझ्यापेक्षा महाग आहे. फोकस कर.

लेन्सवर अनंत अंतराची खूण म्हणून जो आडवा आठ छापलेला असतो, त्याच्यावर विसंबू नका. तिथे रिंग नेऊन ठेवली की तारे नेमके येतील, असं कधीच होत नाही. ऑटोफोकसही ताऱ्यांवर चाचपडत बसतो. तो बंद करा, व्याध किंवा रोहिणीसारखा ठळक तारा स्क्रीनवर दहापट मोठा करून घ्या आणि ठिपका सर्वांत बारीक होईपर्यंत रिंग केसभर केसभर फिरवा. मग रिंगला चिकटपट्टी लावा. या चिकटपट्टीसाठी मी एक अख्खी अमावस्या मोजली आहे.

डिसेंबर होता, जागा भंडारदऱ्याची. आठ वाजता उत्तम फोकस केला. दहाच्या सुमारास दव पडायला लागलं आणि लेन्सची काच धुरकटली. मी खिशातून रुमाल काढून ती पुसली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन पुन्हा ब्लँकेटमध्ये शिरलो. पुसताना रिंग हलली होती. पुढचे तीन तास एकेका मिनिटाचे दीडशेच्या वर फोटो निघाले. कॅमेऱ्याच्या तळहाताएवढ्या स्क्रीनवर सगळं झकास दिसत होतं. घरी येऊन लॅपटॉपवर उघडले तर प्रत्येक ताऱ्याचा मेदूवडा झालेला, मधल्या भोकासकट. अनेक फोटो एकावर एक रचून एक करणाऱ्या स्टॅकिंगच्या सॉफ्टवेअरला तर त्यात तारेच सापडेनात.

तेव्हापासून चिकटपट्टी, लेन्सला यूएसबीवर चालणारा हीटरचा पट्टा आणि दर वीस फोटोंनंतर एक फोटो पूर्ण मोठा करून बघणं, हे तीन नियम मी मोडत नाही. थंडी वाढली की फोकस आपोआपही सरकतो, म्हणून आळस करायचा नाही. सोबतीला बाख्तिनोव्ह मास्क असतो. पावेल बाख्तिनोव्ह या रशियन हौशी छायाचित्रकाराने 2005 साली काढलेली ही तिरक्या चिरांची जाळी लेन्सपुढे धरली की ताऱ्याला तीन रेषा फुटतात. मधली रेषा बाकी दोघींच्या फुलीच्या बरोबर मध्यातून गेली की फोकस झाला. विकत मिळतो, पण माझा लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यातून कापलेला आहे. एका कडेला अजून गणपतीचा अर्धा कान दिसतो.

दुसरी तक्रार असते, "ट्रॅकर घेतला तरी तारे लांबट येतात." ट्रॅकर म्हणजे ताऱ्यांच्या चालीने कॅमेरा फिरवणारा माउंट. ध्रुवाला अढळपद मिळालं ते पुराणात. खरा खगोलीय ध्रुवबिंदू ध्रुवताऱ्यापासून सुमारे दोन तृतीयांश अंश बाजूला आहे, आणि माउंटचा अक्ष रोखायचा तो त्या बिंदूवर. त्यात आपण पडलो खालच्या अक्षांशावरचे. पुण्यातून ध्रुवतारा क्षितिजावर जेमतेम साडेअठरा अंश, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींपेक्षाही खाली. समोर इमारत, डोंगर किंवा धुरकं असलं की संपलं. म्हणून जागा निवडताना मी आधी उत्तर बघतो, गाडी लावायची सोय नंतर. आणि फोनमधला कंपास लोखंडी वस्तूजवळ धरून दिशा ठरवू नका. एकदा एक गट तासभर भलत्याच ताऱ्याला ध्रुव समजून पूजत बसलेला मी पाहिला आहे. अक्ष असा रोखण्याला, म्हणजे पोलर अलाइनमेंटला, मला अजूनही वीस मिनिटं लागतात. ज्यांना ती फुकट गेलेली वाटतात, त्यांनी खुशाल चंद्राचे फोटो काढावेत.

ट्रॅकर नसेल तर तारे लांबट होऊ नयेत म्हणून 500 भागिले लेन्सचे मिलिमीटर, तेवढे सेकंद एक्स्पोजर, असा नियम सांगतात. आजच्या बारीक पिक्सेलांना तो सैल पडतो. मी 300 धरतो, म्हणजे 50 मिमीला सहा सेकंद.

जेपीईजीत काढू नका, रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच काढा. आयएसओ वाढवल्याने जास्त प्रकाश आत येत नाही. फ्लॅट, म्हणजे धुळीचे डाग नंतर पुसता यावेत म्हणून एकसारख्या उजेडाचे घेतलेले फोटो, काढण्याआधी कॅमेरा दुर्बिणीवरून काढू नका, नाहीतर धुळीचे डाग जागा बदलतात. माझे फ्लॅट दुर्बिणीच्या तोंडावर धुतलेला पांढरा बनियन ताणून होतात. आणि शहरातून देवयानी दीर्घिका टिपायला महागडा नॅरोबँड फिल्टर, म्हणजे ठरावीक रंगच आत सोडणारी काच, घेऊ नका. तेजोमेघ ठरावीक रंगांतच चमकतात, तिथे तो कामाचा. दीर्घिकेचा प्रकाश म्हणजे ताऱ्यांचा प्रकाश, सगळ्या रंगांत पसरलेला. दिव्यांच्या उजेडाबरोबर तुम्ही दीर्घिकाही गाळून टाकता. त्या पैशात वेल्ह्यासारख्या अंधाऱ्या जागेच्या कितीतरी फेऱ्या होतील.

ग्रहांचं तंत्र वेगळं. गुरूचा एकच फोटो काढून उपयोग नाही. व्हिडिओ घ्यायचा आणि त्यातल्या हजारो फ्रेमांपैकी चांगल्या तेवढ्या निवडून स्टॅक करायच्या. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, म्हणून व्हिडिओ दोन-तीन मिनिटांपेक्षा लांबवला तर पट्टे फासटतात. दिवसभर तापलेल्या गच्चीच्या स्लॅबवरून रात्री उशिरापर्यंत गरम हवा उठत असते, तिच्यातून शनी पाण्याखाली ठेवल्यासारखा दिसतो. दुर्बीण तासभर आधी बाहेर काढून ठेवा, जमलं तर मातीवर किंवा गवतावर. शेवटी फोटो धारदार करणारे वेव्हलेटचे स्लायडर उजवीकडे ओढताना हात आवरा. शनीला आहेत तेवढी कडी पुरेशी आहेत.

आता सूर्य. इथे चूक झाली तर फोटो नाही, डोळा जातो.

25 ऑक्टोबर 2022 चं ग्रस्तास्त ग्रहण. ऐन दिवाळीत सूर्य ग्रासलेलाच मावळणार म्हणून आमच्या गच्चीवर अर्धी सोसायटी जमलेली. दुर्बिणीच्या तोंडावर मी सौर फिल्म नीट बसवली होती, लाखातला एक भाग प्रकाश आत सोडणारी. सगळ्यांना फिल्टरचं महत्त्व समजावून सांगत उभा होतो आणि खांद्याजवळ काहीतरी करपल्याचा वास आला. वरच्या नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीचं, म्हणजे फाइंडरचं, झाकण मी लावलंच नव्हतं. त्यातून आलेल्या झोताने शर्टाला मुगाएवढं भोक पाडलं होतं. त्याच वेळी शेजारचा सात वर्षांचा मुलगा "मी बघू?" म्हणत स्टुलावर चढत होता, आणि फाइंडर बरोबर त्याच्या डोळ्याच्या उंचीवर होता. मी त्याला बखोट धरून खाली ओढला. त्याची आई माझ्यावर चिडली. मला तिला धड कारणही सांगता येईना.

फिल्टर नेहमी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर. काही स्वस्त दुर्बिणींबरोबर आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, लावायचा काळा फिल्टर येतो, तो आजच कचऱ्यात टाका. एकवटलेल्या उष्णतेने त्याची काच तडकते. एक्स-रेची फिल्म, सीडी, काजळी धरलेली काच यांपैकी काहीही चालणार नाही. फिल्म दर वेळी दिव्यासमोर धरून टाचणीएवढी भोकं तपासायची आणि वाऱ्याने उडणार नाही अशी चारी बाजूंनी चिकटवायची.

फाइंडर तर मी आता काढून खाली घरातच ठेवतो. त्याच्याशिवाय सूर्य सापडतो. सूर्याकडे पाठ करून जमिनीवर पडलेली दुर्बिणीच्या नळीची सावली बघायची आणि दुर्बीण हळूहळू हलवायची. लांबट सावली आखडत आखडत सर्वांत लहान झाली की नळी सूर्याकडे रोखली गेली.