‘क्वेस्ट फॉर ग्लोरी’ पुन्हा खेळताय? आधी हे करा

१९८९ ते १९९८ या काळात आलेले ‘क्वेस्ट फॉर ग्लोरी’ या संगणकावरच्या साहसी खेळाचे पाचही भाग क्रमानेच खेळा. यातला नायक तुमच्याबरोबर वाढत जातो. भाग संपला की खेळ आपल्या पात्राची फाइल सेव्ह करायला सांगतो. ही फाइल जपून ठेवा! पुढच्या भागात ती घेतली की मिळवलेली कौशल्यं सोबत येतात. कोरं पात्र घेऊन सुरुवात केली, तर या मालिकेतली खरी गंमतच हुकते.

पहिले चार भाग स्कमव्हीएमवर (जुने खेळ आजच्या संगणकावर चालवणारा प्रोग्रॅम) छान चालतात, आणि तिथे सेव्ह केलेली पात्रं पुढच्या भागात आपोआप दिसतात. जुन्या डॉसवरची (विंडोजच्या आधीची संगणक प्रणाली) फाइल असेल, तर ती स्कमव्हीएमच्या सेव्ह फोल्डरमध्ये टाका. फाइलच्या नावाच्या सुरुवातीला, ती पहिल्या भागातली असेल तर ‘क्यूएफजी१-’, दुसऱ्यातली असेल तर ‘क्यूएफजी२-’ असं इंग्रजी अक्षर-अंकांत लिहायला विसरू नका. नाहीतर फाइल समोर असूनही यादीत दिसत नाही.

पात्र बनवताना शून्यावर असलेल्या कौशल्याकडे नीट बघा. शून्य कितीही सरावानं वाढत नाही, थोडे गुण दिले तरच वाढतं. मी नायक म्हणून चोर निवडला, की त्याला जादूचं कौशल्यही देते. महाग पडते, पण पुढे फार उपयोगी येते.

पहिल्या भागात वैद्यबाईच्या घराजवळच्या झाडावर चढून बघा. पाय घसरतो, पुन्हा चढायचं, पुन्हा घसरायचं, आणि चढण्याचा आकडा हळूहळू वर सरकतो. घाई करू नका.